पाच मतं, सहा रिळं

१. दुसरीतलं गणित

थोरल्यांनी मतपेटी टेबलावर उपडी केली. रिळं खडखडत बाहेर पडली आणि त्यातलं एक घरंगळत पाण्याच्या जगला जाऊन टेकलं. ती मोजायला दुसरीतलं गणितही जास्त झालं असतं. मतं देणारी माणसं होती पाच आणि टेबलावर रिळं होती सहा. तीन पांढरी, तीन लाल.

भिंतीवरच्या फोटोतले संस्थापकसुद्धा आता चष्मा पुसून पुन्हा मोजतील असं वाटत होतं.

हे घराणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. सुरुवात एका दोऱ्याच्या गिरणीपासून झाली आणि मग सिमेंट आलं, जहाजं आली, विमा आला, बिस्किटं आली. सकाळची टूथपेस्ट त्यांची आणि रात्रीची चादरही त्यांचीच. मालकी कुणाची म्हणून विचारायला जावं, तर सिमेंटची मालक जहाजकंपनी, जहाजांची मालक विमाकंपनी आणि विम्याची मालक पुन्हा सिमेंटच! कुत्र्यानं स्वतःचीच शेपटी तोंडात धरून बसावं तसा कारभार. त्या गोलाच्या मधोमध तीन भावंडं बसलेली: थोरले, मधले आणि सगळ्यात लहान ताईसाहेब.

आता विधिमंडळात कायदा येऊ घातला होता. हा गोल मोडा, आणि दर तीन संचालकांत एक कामगारांनी निवडलेला घ्या. टीव्हीवर रोज भांडणं चालली होती. एक म्हणे ही आर्थिक लोकशाही, दुसरा म्हणे हा आर्थिक पोरखेळ. कायदा होण्याआधी आपणच हे मान्य करायचं का, यावर त्या दिवशी घराण्याच्या संचालक मंडळात मतदान होतं. मंडळात तीन भावंडं, बाहेरचे एक प्राध्यापक, आणि प्रयोग म्हणून वर्षभरासाठी कामगारांनी निवडून दिलेली एक बाई. ही बाई वाइंडिंग खात्यातली, म्हणजे जिथं रिळांवर दोरा गुंडाळतात त्या खात्यातली.

मतदानाची रीत संस्थापकांनीच घालून दिलेली. प्रत्येकाला एक पांढरं आणि एक लाल रीळ मिळायचं. पांढरं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. एकेकानं शेजारच्या मतखोलीत जायचं, हवं ते रीळ पेटीत टाकायचं आणि उरलेलं भिंतीतल्या फटीतून पलीकडच्या कोठारात सोडायचं. दिलेलं मत सगळ्यांनी मोजायचं, उरलेलं मत कुणी बघायचं नाही! संध्याकाळी कोठारवाला ती उरलेली रिळं न बघता मोठ्या ढिगात मिसळून टाकी.

"सहावं रीळ बाहेरून आलं," थोरले सावकाश म्हणाले. "आता मला सांगा, खिशात रिळं घेऊन कोण हिंडतं?"

चार माना एकदम वाइंडिंगवाल्या बाईकडे वळल्या.

२. चिमटा

त्या बाईची थोरली बहीण वकील होती. कामगार न्यायालयात तिला सगळे 'चिमटा' म्हणत, कारण एकदा धरलं की ती सोडत नसे. वकीलबाईंना हे नाव मनापासून आवडायचं, पण आवडतं असं त्या कुणाला कळू देत नसत.

बातमी त्यांनी टीव्हीवरच ऐकली. एक आमदार बोटं नाचवत सांगत होता, "कामगारांच्या हातात मत दिलं, त्यांनी पहिल्याच दिवशी चोरी केली! म्हणे लोकशाही!"

वकीलबाई तशाच पायात चपला अडकवून धाकटीच्या घरी गेल्या. धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. अंगावर सभेची चांगली साडी तशीच, गळ्यात ओळखपत्रही तसंच.

"अक्का, सोमवारी मला काढणार," ती म्हणाली. "मंडळातूनच नाही, कामावरूनही. चोर म्हणून."

"तू टाकलंस का दुसरं रीळ?"

"अक्का!"

"मला विचारायलाच हवं. मी आत्ता बहीण नाहीये."

"मग बहीण कधी होणार आहेस?"

"सोमवारनंतर. बोल."

"नाही टाकलं. एकच टाकलं. पांढरं." धाकटीनं नाक ओढलं. "सगळ्या खात्यांनी मला निवडून दिलंय गं. आज गेटमधून बाहेर पडताना कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खाली माना घालून गेले सगळे. त्यांनाही वाटतंय मीच केलं. आपल्यासाठी केलं, पण केलं."

वकीलबाईंना आता राग आला. त्यांचा राग गरम नसे, थंड असे, फ्रीजमधल्या पाण्यासारखा.

"तूच का, याला त्यांच्याकडे काही कारण आहे?"

"मी आत जास्त वेळ होते म्हणतात."

"होतीस?"

"होते. लाल रीळ फटीत सोडलं तर पडल्याचं कळेचना. मला वाटलं अडकलं. कोपरापर्यंत हात घालून चाचपत बसले. पहिलीच वेळ, म्हटलं आपल्याकडून काही चुकायला नको."

"आणि हे तू त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. थोरले म्हणाले, उत्तम गोष्ट आहे, नातवंडांना सांगा."

वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी नोटीस ठोकली: सोमवारच्या आत माझ्या अशिलाच्या वतीने मी प्रत्येक संचालकाशी बोलणार, नाहीतर कोर्टात भेटू. थोरल्यांचा होकार तासाभरात आला. इतक्या लवकर की वकीलबाईंनी तो दोनदा वाचला. ज्याला काही लपवायचंय तो इतक्या पटकन हो म्हणतो का? की ज्याला काहीच सापडणार नाही याची खात्री आहे, तोच म्हणतो?

३. थोरले आणि त्यांची सावली

थोरल्यांच्या खोलीत खुर्ची अशी ठेवलेली होती की समोर बसणारा आपोआप दोन इंच बुटका व्हायचा. वकीलबाई उभ्याच राहिल्या.

"मतखोलीत गेल्यावर काय काय केलंत? अगदी बारीकसारीक सांगा."

"मत गुप्त असतं, वकीलबाई."

"रंग नाही विचारला. हातांनी काय केलं ते विचारलं."

"एक पेटीत, एक फटीत. दुसरं काय करणार? खरं सांगू? भिंतीनं गिळून टाकलं माझं रीळ. बाबांच्या वेळी असं नव्हतं. या इमारतीकडे आता कुणाचं लक्ष नाही." मग ते एकदम पुढे झुकले. "तुम्हाला मी खलनायक वाटतोय. वाटू दे. पण मंदी आली तेव्हा ते शेअरवाले कुठे होते? पळाले. घर उभं राहिलं. कारखाना मतदानानं चालत नाही बाई, कुणाला तरी रात्रीची झोप सोडावी लागते."

"कामगारही उभे राहिले होते तेव्हा. अर्ध्या पगारावर."

"राहिले होते," थोरले गुरगुरले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, नुसतं ओरडता येत होतं. वकीलबाईंना ते जरा आवडलेच, आणि आवडले म्हणून स्वतःचा राग आला.

मधल्या भावाला अख्खी गिरणी 'सावली' म्हणायची, कारण थोरल्यांच्या मागे दोन पावलांवर तो असायचाच. तो वकीलबाईंना जिन्यात भेटला आणि कुजबुजायला लागला.

"मी काय केलं? दादानं केलं तेच केलं. म्हणजे, गुप्त हं, गुप्त! पण एक सांगू का? कुणाला सांगू नका. फटीत टाकलं ना, तर पलीकडे काही वाजलंच नाही. मला वाटलं, दादानं पलीकडे माणूस बसवलाय झेलायला. कुणी काय उरवलं ते बघायला! घामच फुटला मला."

"तुम्ही दादांना घाबरता?"

"नाही हो!" सावली म्हणाला, आणि त्यानं मागं वळून बघितलं.

खाली येता येता वकीलबाई विचार करत होत्या. हा माणूस एक रीळ टाकतानाही घाबरतो, दोन कसली टाकणार? थोरल्यांना मात्र कारण भरपूर होतं. कामगार नुसते हरले तर काही महिन्यांनी पुन्हा हाच विषय, पण कामगार चोर ठरले तर विषयच संपला. कारण त्यांच्याकडे होतं, खोटेपणा मात्र नव्हता. हे गणित काही सुटत नव्हतं.

४. चहा आणि खट्ट

प्राध्यापक ग्रंथालयात सापडले. टीव्हीवर आर्थिक लोकशाहीवर तास न् तास बोलणारा हा माणूस प्रत्यक्षात फारच हळू बोलायचा.

"माझंही ते पहिलंच मतदान. एक पेटीत, एक फटीत."

"आवाज आला?"

"कसला आवाज? येतो का?" ते गोंधळले. "मला वाटलं असंच असतं." मग चष्मा काढून म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा, मला वाईट वाटतंय."

"तुम्ही स्वतः का नाही सांगत? रोज त्याच गेटमधून जाते ती."

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा घातला आणि पुस्तक उघडलं.

शेवटी ताईसाहेब. कामगारांना संचालक मंडळात खुर्ची द्या, हा हट्ट धरणारी घरातली एकटी व्यक्ती. धाकटीला सभेत कसं बोलायचं ते त्यांनीच शिकवलं, सभेसाठी साडीही त्यांनीच दिली. वकीलबाई आत गेल्या तशी ताईसाहेबांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. डोळे सुजलेले होते.

"कशी आहे ती? जेवते का? तिला म्हणावं, मी आहे. काही झालं तरी मी तिला वाऱ्यावर सोडणार नाही. माझ्या बिस्किटांच्या कारखान्यात चांगली जागा आहे."

"आधी ती चोर नाही हे ठरू दे."

"हो, हो, तेच म्हणते मी." त्यांनी स्वतः चहा ओतला. एवढा प्रेमळ चहा वकीलबाईंना कित्येक वर्षांत कुणी दिला नव्हता.

"मतखोलीत काय केलंत, सांगाल?"

"सगळ्यांनी केलं तेच. पेटीत टाकलं, उरलेलं फटीत सोडलं, खट्ट झालं, बाहेर आले." त्या हसल्या. "लहानपणी बाबा मला कडेवर घेऊन जायचे तिथं. म्हणायचे, बेबी, खट्ट झालं की आपलं काम संपलं, आता मागं वळून बघायचं नाही."

वकीलबाईंनी चहा संपवला. बाहेर पडल्या. आणि व्हरांड्यात अशा थांबल्या, जणू कुणी मागून पदर धरलाय.

५. फटीपलीकडे

मतखोली म्हणजे कपाटाला दार लावल्यासारखी जागा. वकीलबाईंनी वाइंडिंग खात्यातून एक रीळ मागून आणलं आणि फटीत सोडलं. कान लावला.

काहीच नाही.

वळसा घालून त्या कोठारात गेल्या. फटीखाली चिंध्यांनी गच्च भरलेली टोपली होती आणि त्यांचं रीळ त्यात गादीवर झोपलेल्या बाळासारखं पडलेलं होतं.

"ही टोपली इथं कायम असते?" त्यांनी कोठारवाल्याला विचारलं.

"छे! लाकडी खोका असतो. त्याचा तळ सुटला म्हणून सुताराकडे दिलाय. मतदानाच्या आदल्या दिवशीच. अजून आला नाही. सुतार कसले असतात तुम्हाला माहितीये."

वकीलबाई चिंध्यांच्या टोपलीकडे बघत राहिल्या. चौघांपैकी एकालाही खट्ट ऐकू आलं नव्हतं, कारण त्या दिवशी ते होणं शक्यच नव्हतं. ऐकू आलं फक्त एकीला. आणि जिनं उरलेलं रीळ फटीत सोडलंच नाही, तिलाच ते आठवणीतून ऐकू येणार.

इथं त्यांना आनंद व्हायला हवा होता. खटला सुटला होता. पण त्यांना दिसत होती धाकटी, त्या बाईनं दिलेली साडी नेसून स्वयंपाकघरात बसलेली.

तिला सोमवारच्या आधी सांगायचं का? वकीलबाई घरी गेल्या. धाकटी म्हणाली, "अक्का, ताईसाहेबांचा फोन आला होता. रडत होत्या गं माझ्यासाठी."

चिमट्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातातलं सोडलं. काही न बोलता त्या पाणी प्यायला गेल्या.

६. दोन शब्द

सोमवारी सगळे जमले. धाकटीला काढण्याचा ठराव तयार होता. वकीलबाई म्हणाल्या, "सही करण्याआधी पाच मिनिटं मतखोलीत चला. पाचही जण."

त्या कपाटाएवढ्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. सावलीला आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या पुढे उभं राहावं लागलं.

"थोरले, हे रीळ फटीत सोडा."

त्यांनी सोडलं. शांतता.

"बघा! पुन्हा गिळलं!" थोरले म्हणाले.

"पलीकडे चिंध्या आहेत. मतदानाच्या दिवशीही होत्या. थोरल्यांना वाटलं भिंतीनं गिळलं. मधल्यांना वाटलं कुणी झेललं. प्राध्यापकांना आवाज येतो हेच माहीत नव्हतं. माझ्या बहिणीला वाटलं अडकलं, म्हणून ती हात घालून बसली आणि त्या वेळेपायी चोर ठरली. म्हणजे चौघांनी रीळ सोडलं आणि काही ऐकलं नाही. तुम्ही म्हणता सहावं रीळ बाहेरून आलं. बाहेरून कशाला यायला हवं? आतच दहा होती! कुणीतरी आपली दोन्ही पेटीत टाकली. आणि त्या व्यक्तीनं मला सांगितलं की फटीत खट्ट झालं."

कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. गरजच पडली नाही. ताईसाहेबांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"बेबी?" थोरले म्हणाले. "अगं पण तू मला शब्द दिला होतास. लाल टाकते म्हणालीस."

"मला पांढरं म्हणाला होतात," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता.

"दोघांनाही दिला होता," ताईसाहेब म्हणाल्या. "दादा, तू रात्रभर माझ्या दारात बसला होतास. बाबांचं घर मोडू नको म्हणून रडलास. आणि ही... हिच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. आत गेले, दोन्ही हातात होती. मला वाटलं, दोन्ही टाकली की एकमेकांना खातील. माझं मत नाहीच असं होईल. मी दोघांचाही शब्द पाळला!"

"दोन्ही डगरींवर हात ठेवलात," वकीलबाई म्हणाल्या, "आणि बुडाली ती."

"मला वाटलं नव्हतं इतकं होईल. मोजताना सहा निघाली आणि माझी जीभच उचलेना. म्हटलं, चार दिवसांत निवळेल. हिला मी कामाला लावलंच असतं ना! याच्याहून चांगल्या जागेवर!"

धाकटी त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "ताईसाहेब, तुम्ही द्याल आणि मी घेईन, हेच तर मोडायला मी इथं आले होते."

सावली हळूच बाहेर सटकला. प्राध्यापक जमिनीकडे बघत होते. आणि थोरले, ज्यांना सगळे खलनायक समजत होते, त्यांनी हातातला ठराव टराटरा फाडला.

"यांची माफी मागतो," ते म्हणाले, "मंडळाच्या वतीनं. लेखी देईन. गेटवर लावा." मग घसा खाकरून, "मतदान पुन्हा होईल. आत्ता. आणि बेबी, एकच."

७. एकच

वकीलबाईंना सभागृहात बसू दिलं नाही. त्या जिन्यात उभ्या राहिल्या. काचेतून दिसत होतं, एकेक जण मतखोलीत जात होतं आणि येत होतं. ताईसाहेब आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या तेव्हा कुणाकडेही न बघता खुर्चीत बसल्या.

धाकटी बाहेर आली ती जिन्याचा कठडा धरूनच.

"काय झालं?"

"पाचच निघाली." तिनं हसायचा प्रयत्न केला. "दोन पांढरी, तीन लाल."

वकीलबाईंना सगळं पुन्हा ऐकावंसं वाटलं, म्हणजे कदाचित काही वेगळं ऐकू आलं असतं. दोन पांढरी कुणाची ते उघड होतं. तिसरं लाल कुणाचं, तेही.

"लाल टाकलं तिनं! एवढं सगळं होऊन! मग मी कशासाठी..." त्यांचा आवाज चढला. चिमटा तापला होता. "काय उपयोग झाला गं? तो गोल तसाच. ती माणसं तशीच. उद्या तो आमदार पुन्हा टीव्हीवर बसेल."

"बसू दे." धाकटी पायरीवर टेकली. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "अक्का, सकाळी मी चोर होते. आता मी नुसती हरलेली आहे."

"हा काय फरक झाला?"

"मोठा फरक आहे. चोराचं म्हणणं कुणी ऐकत नाही. हरलेल्याला पुन्हा उभं राहता येतं." तिनं डोळे पुसले. ती रडत होती हे वकीलबाईंना आत्ता कळलं. "माझं वर्ष संपायला अजून पुष्कळ अवकाश आहे. विषय पुन्हा मांडता येतो, मी नियम वाचलेत. सावलीला एकट्याला गाठायचं बघते. तो वाईट नाहीये, घाबरट आहे."

"आणि ताईसाहेब?"

धाकटी कठड्यातून खाली बघू लागली. खाली पाळी सुटली होती. गेटकडे जाणारी माणसं थोरल्यांच्या माफीच्या कागदापाशी थांबत होती, मागच्याला वाचून दाखवत होती. कुणीतरी वर बघितलं. मग दुसऱ्यानं.

"त्यांची साडी परत करायचीये," धाकटी म्हणाली. "धुऊन, इस्त्री करून. तू येशील का माझ्याबरोबर? एकटीनं जाववणार नाही मला."

"वकील म्हणून येऊ?"

"नाही गं. सोमवार झाला ना आता."

वकीलबाईंनी फाइल पायरीवर ठेवली आणि धाकटीशेजारी बसल्या.